नोव्हेंबरातला बर्फ पाहून गुलमर्गची तिकिटं काढू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकची दोन कुटुंबं, चार मोठी माणसं, नऊ आणि बारा वर्षांची दोन मुलं. नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला आठवडाभर राहून स्कीइंग शिकायचं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तिकडे बर्फ पडल्याचे व्हिडिओ फिरताहेत. टूरवाला म्हणतो, यंदा हंगाम लवकर सुरू होणार, आत्ताच बुक करा, स्वस्त पडेल. शिवाय शेवटच्या दिवशी गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, दुसऱ्या टप्प्यावरून एकदा तरी स्की करत खाली यायची इच्छा आहे. तर तिकिटं काढायची का, आणि बूट इथूनच घेऊन जायचे का?

नका काढू. जानेवारीचा उत्तरार्ध चालेल, फेब्रुवारी तर उत्तमच, मार्चचा पहिला आठवडाही एक वेळ चालेल. नाताळ नको. ‘बर्फ कधी पडेल’ आणि ‘स्कीइंग कधी सुरू होईल’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि विकणारा माणूस ते सोयीने एकच करून टाकतो.

मी सोळा हिवाळे तिकडे जातोय. सुरुवातीला स्वतः शिकायला, पुढे नाशिकहून आठ-दहा जणांचे गट घेऊन. घर मखमलाबादला, थोरल्या भावाची द्राक्षबाग दिंडोरीकडे. बागेचं उगाच सांगत नाही, पुढे ती कामाला येणार आहे.

मृगाची पहिली सर आली म्हणून आपल्याकडे शहाणा शेतकरी लगेच पाभर जुंपत नाही. ढेकूळ फोडून बघतो, ओल वीतभर खाली गेली का. घाई करणाऱ्याच्या नशिबी दुबार पेरणी. माझी दुबार पेरणी गट न्यायला लागलो त्याच्या दुसऱ्याच वर्षी झाली. नोव्हेंबरात दणक्यात बर्फ पडला, मी हुरळलो आणि चौदा जणांना घेऊन २२ डिसेंबरला गुलमर्गला पोचलो. समोर तपकिरी गवत. सावलीच्या कडेला बर्फाचे काळपट तुकडे आणि चिखलावरून स्लेज ओढणारी माणसं. सहा दिवसांत अडीच तास स्कीइंग झालं, तेही दगड चुकवत. भाड्याने घेतलेल्या स्कीच्या दोन जोड्यांचे तळवे खरवडले, त्याचे पैसे भरले. कोणी भांडलं नाही, पण परतीला झेलममध्ये दिल्लीपासून मनमाडपर्यंत माझ्याशी कोणी धड बोललंही नाही. तेव्हापासून पहिल्या बर्फाचा फोटो आला की मी तो बघतो आणि बाजूला ठेवतो.

नोव्हेंबरातला बर्फ टिकत का नाही? एक तर जमिनीत उन्हाळ्याची ऊब अजून मुरलेली असते, बर्फ वरून उन्हाने आणि खालून जमिनीने वितळतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर वीतभर थर दोन उन्हांत जातो. दुसरं कारण मोठं आहे. हिमालयातला हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांतून, ज्यांना बागाईतदारही आता सर्रास वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. भूमध्य समुद्र, कॅस्पियन या पट्ट्याकडून पश्चिमी वाऱ्यांच्या जोरदार प्रवाहावर स्वार होऊन हे झंझावात इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीरवर येतात. नोव्हेंबरात तो प्रवाह बराच उत्तरेला असतो. एखादा झंझावात काश्मीरला स्पर्श करून जातो, लडाखवर थोडं भुरभुरतं आणि मग दोन-तीन आठवडे लख्ख ऊन. डिसेंबरच्या मध्यानंतर प्रवाह दक्षिणेकडे सरकला की झंझावात लागोपाठ येऊ लागतात, महिन्याला साधारण चार ते सहा. त्यातलेही निम्मे नुसते ढग दाखवून जातात. हंगाम उभा राहतो तो उरलेल्या दोन-तीन दमदार झंझावातांवर. एक चुकला की पंधरवडा कोरडा.

आता भावाच्या बागेकडे येतो. हेच झंझावात तो माझ्याइतक्याच, खरं तर माझ्याहून जास्त काळजीने बघतो. झंझावाताची शेपटी खाली लांबली की तो अरबी समुद्रातून बाष्प खेचतो. मग नाशिकवर ढग येतात, डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची भीती, पाऊस झाला तर मण्यांना तडे. तो पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे गार वारे मोकळे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा धाडकन खाली येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा तो आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, बागांत पहाटे शेकोट्या पेटतात. त्यामुळे आमच्या घरात डिसेंबर-जानेवारीत फोन असा असतो. भाऊ विचारतो, “तुझ्याकडे बर्फ पडला का रे?” मी म्हणतो, “पडतोय, चांगला फूटभर आहे.” तो म्हणतो, “म्हणजे शनिवारपर्यंत माझ्याकडे थंडी. लाकडं आणून ठेवतो.” सोळा वर्षांत हा हिशोब पुष्कळदा जुळलाय. तुम्हीही उलट बाजूने वापरून बघा. थंडीची पहिली खरी लाट नाशिकला आली, म्हणजे एक दमदार झंझावात नुकताच वरून गेला असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. अशा दोन-तीन लाटा येऊन गेल्या की गुलमर्गची ओल वीतभर खाली गेलीय असं धरा. नुसत्या नोव्हेंबरातल्या गुलाबी थंडीवरून मात्र काही ठरवू नका, ती निरभ्र रात्रींचीही असू शकते.

काश्मिरी माणूस हिवाळा आपल्यासारखा महिन्यांत मोजत नाही. २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटचे दहा चिल्लई बच्चा. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ गोठून बसतो, तोच पाया. नंतरचा बर्फ त्यावर टिकतो. आणि चिल्लईच्या आधीचा? त्याचं तिकडच्या लोकांना अजिबात कौतुक नाही. ३ नोव्हेंबर २०१८ला आणि पुन्हा ७ नोव्हेंबर २०१९ला काश्मीरमध्ये जोरदार बर्फ पडला तेव्हा सफरचंदाच्या झाडांची पानंही गळली नव्हती. ओला, जड बर्फ पानांवर साचला आणि फांद्याच्या फांद्या मोडल्या. आपल्याकडे मार्चमध्ये गारपीट झाली की बागाईतदाराची जी दशा होते, तीच. तुमच्या मोबाइलवर जो व्हिडिओ ‘यंदा लवकर बर्फ, चला काश्मीर’ म्हणून फिरतोय, त्याच्या चौकटीबाहेर कोणाची तरी बाग मोडलेली असू शकते.

अलीकडची दोन वर्षं सांगतो, कारण टूरवाला ती सांगणार नाही. २०२४च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलानमध्ये, गुलमर्ग कोरडं होतं. गवताचे फोटो देशभर गाजले. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस. मग फेब्रुवारीत हंगाम असा रंगला की खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथे व्यवस्थित पार पडल्या. पुढच्या वर्षी उलटं झालं. २७ डिसेंबर २०२४ला श्रीनगरसकट सगळीकडे भरपूर बर्फ पडला, नाताळ-नववर्षवाले खूश झाले. नंतर जानेवारी कोरडा गेला आणि २२ फेब्रुवारी २०२५ला सुरू व्हायच्या त्या स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा बर्फ पडला तेव्हा मार्चमध्ये झाल्या. राष्ट्रीय स्पर्धा भरवणाऱ्यांनाही तारीख धरून बर्फ मिळाला नाही, तर आपल्या सहा जणांच्या नाताळाचं काय घेऊन बसलात.

‘ला निना आहे, यंदा कडाक्याचा हिवाळा’ ही बातमीही दर ऑक्टोबरात येते. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार असणं म्हणजे ला निना, गरम असणं म्हणजे एल निनो. पश्चिम हिमालयापुरतं बोलायचं तर सरासरीचा कल उलटा दिसतो, एल निनोच्या हिवाळ्यात झंझावातांचा पाऊस-बर्फ थोडा जास्त. पण तो फक्त कल. २०२३-२४चा हिवाळा जोरदार एल निनोचा होता आणि त्याच जानेवारीत गुलमर्ग कोरडं राहिलं. अशा बातमीवर स्वेटर घ्या, तिकीट घेऊ नका.

आता तुमची दुसऱ्या टप्प्याची इच्छा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर. गंडोलाचा पहिला टप्पा, जो १९९८ला सुरू झाला, कोंगडोरीपर्यंत म्हणजे तीन हजारांच्या थोडं वर नेतो. २००५ला सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. तिथून खाली येणं म्हणजे बागेतल्या घसरगुंडीचं मोठं रूप नव्हे. तो बहुतांश न सपाट केलेला, हिमस्खलनाचा डोंगर आहे. आणि लवकर पडलेला बर्फ तो डोंगर जास्त धोकादायक करतो.

ते कसं, समजून घ्या. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशावर असते. समजा नोव्हेंबरात उंचावर ३० सेंटिमीटर बर्फ पडला आणि नंतर महिनाभर निरभ्र रात्री, हवा उणे बारा. म्हणजे ३० सेंटिमीटरच्या थरात बारा अंशांचा फरक, मीटरला चाळीस अंश. मीटरला दहा अंशांच्या पुढे फरक गेला की थरातली वाफ खालून वर सरकत राहते आणि बर्फाच्या कणांचे एकमेकांना धरून राहणारे हात झिजतात. तयार होतात खडीसाखरेसारखे सुटे, टोकदार कण. मूठभर घ्या, गोळा होत नाही, बोटांतून ओघळतो. याच बर्फावर जानेवारीत दीड मीटरचा जाड थर बसला, तर वरून सुंदर पांढरं दिसतं आणि खाली साखर पेरलेली असते. स्कीच्या वजनाने ती साखर कोसळली की वरची अख्खी लादी सुटते. हाच तळाचा थर आधीपासून जाड असता, समजा दीड मीटर, तर तोच बारा अंशांचा फरक मीटरला आठ अंशच पडला असता आणि कण एवढे सुटे झाले नसते. म्हणून लवकर पडून अर्धवट राहिलेल्या बर्फापेक्षा उशिरा येऊन एकदम भरपूर पडलेला बर्फ मला कधीही परवडतो.

१ फेब्रुवारी २०२३ला अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले, २२ फेब्रुवारी २०२४ला एक रशियन. ही माणसं नवशिकी नव्हती. मोठ्या बर्फानंतर तिथलं स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती पथक, दुसरा टप्पा बंद ठेवतं, तेव्हा हॉटेलात बसून त्यांच्या नावाने बोटं मोडणारे पर्यटक मी दरवर्षी बघतो. तुम्ही आठवडाभर शिकलात तर गुलमर्गच्या मैदानातल्या उतारांवरून सुरेख खाली याल, हात चांगला बसला तर कोंगडोरीच्या आसपासही. अफरवटवर गंडोलाने जा, फोटो काढा, गंडोलानेच खाली या. चार हजारांच्या जवळ दम लागतो, मुलांना पळू देऊ नका.

मग हंगाम जवळ आला हे ओळखायचं कसं? मी महिनाभर आधी फक्त एक गोष्ट बघतो. भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतो. त्यात काश्मीरवर पाऊस-बर्फ सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढंच वाचतो आणि पहिल्या दोन आठवड्यांवरच थोडाफार विसंबतो. दहा दिवस आधी मोबाइलवरची हवामानाची मॉडेलं बघायला लागतो. पण एखादं ॲप १२ दिवसांनी ८० सेंटिमीटर बर्फ दाखवत असेल तर हसून सोडून देतो, ती संख्या रोज बदलते. झंझावात येतोय का, एवढंच बघायचं. पाच दिवस उरले की किती आणि कुठवर, हे बघण्यात अर्थ आहे.

‘कुठवर’ हे महत्त्वाचं. हवा वर जाताना दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश थंड होते. ॲपमध्ये फ्रीझिंग लेव्हल दिसते, म्हणजे शून्य अंश जिथे सुरू होतो ती उंची. बर्फ तिच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ म्हणूनच पडतो. ती तीन हजार मीटरला असेल तर कोंगडोरीत बर्फ आणि गुलमर्गच्या मैदानात चिखलासारखा ओला लगदा. ती दोन हजारांवर असेल तर मैदानात कोरडा भुसभुशीत बर्फ. आपल्याला जवळचं माप हवं असेल तर श्रीनगर शहर सुमारे १,५८५ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम साठ मीटर खाली. गुलमर्ग त्याच्याही हजार मीटर वर. श्रीनगरला चार-पाच अंशांत पाऊस पडत असेल तर गुलमर्गला बहुधा बर्फ. श्रीनगरलाच दहा अंश असतील तर गुलमर्गला छत्री काढा. पावसाचा आकडा मिलिमीटरमध्ये दिसला तर तितकेच सेंटिमीटर ताजा बर्फ धरा, फार थंडीत दीडपट. पण दाबला गेल्यावर तो निम्म्याहून कमी उरतो. शिकाऊ उतारासाठी दाबलेला ३०-४० सेंटिमीटर थर मला पुरेसा वाटतो, त्यासाठी मीटरभर ताजा बर्फ दोन-तीन हप्त्यांत पडून जायला हवा.

आणि माणसांना विचारा, पण नीट विचारा. हॉटेलवाल्याला ‘बर्फ आहे का’ विचारलंत तर उत्तर ‘हां जी, बहुत है’ असंच येणार. समोरच्या डोंगरावर असतोच, तो खोटं बोलत नाही. ‘गंडोला सुरू आहे का’ याचाही उपयोग नाही, तो उन्हाळ्यातही चालतो. स्की शिकवणाऱ्याला फोन लावा आणि विचारा, “आज शिकाऊ पोरं कुठल्या उतारावर आहेत?” तो जागेचं नाव सांगेल तर हंगाम सुरू. ‘दोन-चार दिवसांत होईल’ म्हणाला तर पंधरा दिवस धरा.

तारखांचं माझं सूत्र सोपं आहे: संक्रांतीचा तिळगूळ खाऊन निघायचं, महाशिवरात्रीच्या आत परत यायचं. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते ही म्हण आपल्याकडची, पण तिकडेही त्या सुमारास मैदानातला बर्फ दुपारी ओलसर व्हायला लागतो. तुमच्यासाठी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मुलांच्या शाळा बुडतील, हे खरं आहे. नऊ वर्षांच्या मुलाची आठवडाभर शाळा बुडण्याचं मला काही वाटत नाही, तुमचं तुम्ही ठरवा. परीक्षा आड येत असेल तर २६ जानेवारीला जोडून घ्या.

हॉटेल आत्ता धरा, पण तारीख बदलता येईल असंच, आणि ते लेखी घ्या. विमानाचं तिकीट परताव्याचं घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी. जाताना एक आणि येताना एक दिवस मोकळा ठेवा. ज्या झंझावाताची तुम्ही वाट बघताय तोच श्रीनगरचं विमानतळ धुकट करून टाकतो आणि बनिहालकडचा महामार्ग बंद पाडतो. जून २०२५पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे आहे, तो एक चांगला आधार झालाय. टंगमर्ग ते गुलमर्ग हे शेवटचे तेराएक किलोमीटर बर्फात साध्या टॅक्सीने होत नाहीत, साखळ्या लावलेली गाडी करावी लागते. तिथे घासाघीस करत तासभर मुलांना गारठवू नका.

औली आणि मनालीचंही विचाराल म्हणून. दोन्हीकडे हंगाम गुलमर्गनंतर सुरू होतो, कारण झंझावात तितके दक्षिणेला येईपर्यंत जानेवारी उजाडतो. औलीचे उतार शिकाऊंना फार चांगले, सात आणि चौदा दिवसांचे सरकारी कोर्सही आहेत. पण जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करावा लागला, तेव्हा रस्त्यानेच जायचं धरून चला. मनालीजवळच्या सोलंगला गर्दीच इतकी की शिकणं बाजूला राहतं.

मधल्या दोन महिन्यांत पाय तयार करा. स्कीइंगमध्ये मांड्या भरून येतात त्या उतरताना, चढताना नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष. गुडघे किंचित वाकवून, सावकाश, कठड्याला न धरता. रविवारी रामशेज किंवा चामर लेणी. मुलांना हे सांगायची गरज नाही, ती तुमच्या आधी शिकणार आहेत.

बूट इथून घेऊ नका. स्की, बूट, काठ्या सगळं तिकडे भाड्याने मिळतं, आणि बूट पायात घालून दहा मिनिटं चालल्याशिवाय पसंत करू नका. नाशिकहून न्यायचे ते गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे मोजे, माणशी तीन जोड. बुटात एका वेळी एकच मोजा घालायचा. थंडी वाजते म्हणून दोन घातलेत तर बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि पाय जास्त गार पडतो.